चालणारी पावले आणि बोलणारी तोंडे

'काय गं, अजून टिकलंय का तुझं चालणं?' भिशीच्या दिवशी दारात पाऊल टाकताच हा प्रश्न येतो. विचारणारी हसत असते, बाकीच्याही हसतात आणि आपणही हसतो. पण दुसऱ्या दिवशी पहाटे गजर वाजला की नेमका तोच प्रश्न आठवतो आणि हात गजर बंद करण्याकडे वळतो.

व्यायाम सुरू करताना आपण बरीच तयारी करतो. नवे बूट आणतो, वेळ ठरवतो, मुलांचे डबे आदल्या रात्री अर्धे उरकून ठेवतो. तयारी करायची राहून जाते ती फक्त एका गोष्टीची : आपली माणसे काय बोलतील याची. परक्याने केलेली टीका आपण झटकून टाकतो. मैत्रिणीने थट्टेत म्हटलेले एक वाक्य मात्र आठवडाभर पुरते.

असे बोलणे वाट्याला येण्याचे एक साधे कारण आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, २०२२ मध्ये भारतातील प्रौढांपैकी जवळजवळ निम्मे लोक पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते, तर स्त्रियांत ५७ टक्के. 'पुरेशी' म्हणजे तरी किती? आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. दहाजणींच्या भिशीत एवढेही न करणाऱ्या पाच-सहाजणी सहज निघतील. जी करते ती वेगळी दिसते, आणि वेगळे दिसणाऱ्यावर कोणीतरी बोलणारच.

हा प्रश्न केवळ मानापमानाचा असता तर सोडून देता आला असता. पण आपल्याकडे मधुमेह पाश्चात्त्यांपेक्षा लवकरच्या वयात आणि तुलनेने कमी वजनातही गाठतो. बंगळूरसारख्या शहरात दिवसाचे आठ-दहा तास संगणकासमोर आणि उरलेले वाहतुकीच्या कोंडीत जातात. अशा वेळी रोजचा अर्धा तास ही चैन राहत नाही. मैत्रिणीच्या एका वाक्यापायी तो सोडला, तर त्याची किंमत आपणच मोजणार असतो.

टोमणे तेच, उत्तरे मात्र असावीत

नीट ऐकले तर टोमणे तीन-चारच असतात. प्रत्येकात थोडे तथ्य असते आणि बरीचशी गफलत.

'बघू या, किती दिवस चालतंय!' हा पहिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर नवी सवय कशी लागते याचा अभ्यास केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. महत्त्वाचे असे की, मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष अडथळा आला नाही. म्हणजे पाहुणे आले, पाऊस लागला, मुलाची परीक्षा आली म्हणून खाडा पडला, तर 'सुटलं वाटतं' हे बोलणे खरे मानायचे कारण नाही. परवा पुन्हा निघावे.

दुसरा टोमणा खास बंगळूरचा. 'लालबागला फेऱ्या मारायच्या आणि मग एम.टी.आर.मध्ये डोसा खायचा, काय उपयोग?' यात तथ्य आहे. अर्धा तास भरभर चालून साधारण शंभर ते दीडशे कॅलरी खर्च होतात, आणि तुपातला एक मसाला डोसा त्याहून अधिक कॅलरी सहज भरून देतो. केवळ चालण्याने वजन झरझर उतरत नाही. पण चालण्याचा हेतू वजनकाट्यापुरता नसतो. नियमित चालण्याने रक्तातील साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते, झोप सुधारते, मन हलके होते. यांतले काहीच मैत्रिणीला वरून दिसत नाही. तिला कंबर दिसते, आणि कंबर तशीच असते म्हणून ती बोलते. 'दोन महिने झाले, काहीच फरक नाही गं' हे वाक्य ऐकून खट्टू होण्याऐवजी जिना चढताना पूर्वीइतकी धाप लागते का, एवढेच स्वतःला विचारावे.

तिसरा टोमणा अलीकडचा. 'दहा हजार पावलं होतात का तुझी?' हा आकडा कोणत्याही वैद्यकाने घालून दिलेला नाही. १९६५ मध्ये जपानमधील एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले आणि त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे मापक' अशा अर्थाचे ठेवले. तेथून तो आकडा जगभर पसरला. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय ७२ होते. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि ७,५०० पावलांच्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. तेव्हा चार हजार पावले झाली म्हणून कोणी नाक मुरडले, तर मुरडू द्यावे.

चौथा टोमणा वयाचा. 'आता या वयात कसले व्यायाम!' खरे तर वय वाढते तसे स्नायू झिजतात आणि तोल सांभाळणे अवघड होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतर चालण्याच्या जोडीला तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करायला सांगते. बारामतीच्या लता भगवान करे यांचे नाव अनेक वाचकांना आठवत असेल. २०१३ साली, साठी उलटल्यावर, नऊवारीत आणि अनवाणी त्या तेथील मॅरेथॉनमधील ज्येष्ठांच्या शर्यतीत धावल्या आणि पहिल्या आल्या. पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते, हे त्यांचे कारण होते. पुढे २०२० मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. अनवाणी धावण्याचा सल्ला कोणाला देता येणार नाही. घेण्यासारखे आहे ते एवढेच की, कारण स्वतःचे आणि पक्के असले की बघणाऱ्यांच्या नजरा फारशा बोचत नाहीत.

मैत्रीण असे का बोलते?

बहुतेक वेळा त्यात वाईट हेतू नसतो. आपण पहाटे उठून चालायला लागलो की न चालणारीला आपले न चालणे आठवते. थट्टा करून ती स्वतःची टोचणी कमी करत असते. कधी तिला संगत गमावल्यासारखे वाटते. संध्याकाळी गप्पांना बसणारी मैत्रीण आता बूट घालून निघून जाते, याचे तिला वाईट वाटते. आणि कधी कधी आपलेही चुकते. नवा व्यायाम सुरू केलेला माणूस उपदेश फार करतो. समोरची गुलाबजाम खात असताना आपण साखरेचे दुष्परिणाम सांगू लागलो, तर टोमणा आपणच ओढवून घेतलेला असतो.

काही बोलणी मात्र टोमणा समजून सोडू नयेत. 'चालताना फार धापतेस', 'गुडघा सुजलेला दिसतोय', 'चक्कर आली म्हणालीस ना?' असे कोणी म्हणाले, तर ती काळजी आहे. छातीत दुखणे, चक्कर, नेहमीपेक्षा अधिक धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर थांबून डॉक्टरांकडे जावे. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आहे त्यांनी जोमाचा व्यायाम सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारावे.

वाद घालू नका, जागा बदला

टोमणे मारणाऱ्यांशी वाद घालून कोणाचा व्यायाम टिकल्याचे ऐकिवात नाही. उपाय दुसराच आहे. दिवसातला अर्धा तास अशा माणसांत घालवावा, जिथे व्यायाम करणे ही चारचौघांसारखी गोष्ट असते.

या बाबतीत बंगळूरकर भाग्यवान आहेत. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवर आहे, त्यामुळे एप्रिल-मेमध्येही पहाट सुसह्य असते. हैदरअलीने १७६० साली सुरुवात केलेली लालबाग आज सुमारे २४० एकरांवर पसरली आहे. १८७० मध्ये आखलेले कब्बन पार्क ऐन शहराच्या मध्यात आहे. मल्लेश्वरम आणि सदाशिवनगरच्या मध्ये १८८२ मध्ये बांधलेला सँकी तलाव आहे. यांपैकी कोठेही सकाळी जाऊन पाहा. कांजीवरम साडीवर पांढरे बूट घातलेल्या आजी, कानटोपी घातलेले आजोबा, घामाघूम तरुण, वर्तमानपत्र काखेत मारून रमतगमत चालणारे गृहस्थ, सारे तेथे असतात. तुम्ही कशा दिसता, किती हळू चालता, याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. लालबागेतील कोट्यवधी वर्षांच्या खडकावर धापा टाकत चढणाऱ्या तुम्ही एकट्याच नसता.

चार दिवस त्याच वेळेला गेलात की ओळखीचे हसू मिळते. आठवड्याने 'काल दिसला नाहीत?' असे कोणीतरी कन्नडमध्ये विचारते. भाषा पुरती समजली नाही तरी भाव समजतो, आणि भिशीतल्या प्रश्नापेक्षा तो किती निराळा असतो! धावणाऱ्या सुमारे ११ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, मित्र एक किलोमीटर अधिक धावला तर आपणही त्याच दिवशी सुमारे तीनशे मीटर अधिक धावतो. संगतीचा परिणाम असा दोन्ही बाजूंनी होतो. नाउमेद करणारी संगत तोडायची गरज नाही, उमेद देणारी जोडावी.

घराबाहेर पडणे जमत नसेल, तर सोसायटीच्या आवारात किंवा गच्चीवर ठरलेल्या वेळी चाला. शेजारच्या एखाद्या वहिनींना बरोबर घ्या. दोघींनी एकमेकींची वाट पाहायची असली की गजर बंद होत नाही.

आणि भिशीत काय म्हणावे? थोडक्यात बोलावे. 'अगं, मला बरं वाटतं म्हणून जाते,' एवढे पुरते. बरे वाटण्यावर कोणाला वाद घालता येत नाही. किती किलो उतरवणार हे आधी जाहीर करू नये, म्हणजे हिशेब मागायला कोणी येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चाललेल्या दिवसाला एक खूण करावी. महिनाअखेरीस त्या खुणा मोजल्या की आपले काय चालले आहे हे कोणाला विचारावे लागत नाही.

शेवटी एक करून पाहावे. सर्वांत जास्त बोलणाऱ्या मैत्रिणीलाच एखाद्या रविवारी बरोबर बोलवावे. उपदेश नको, वजनाची गोष्ट नको. 'लालबागेत एक फेरी मारू, मग डोसा माझ्याकडून,' एवढेच म्हणावे. ती आली तर सोबत मिळेल. नाही आली, तरी त्या रविवारची तुमची फेरी चुकवू नका.