शिळ्या पावाची पचडी

‘शिळं’ म्हटलं की आपण नाक मुरडतो. कन्नडमध्ये ‘तंगळू’ म्हणा, हिंदीत ‘बासी’ म्हणा, तोंड तेवढंच वाकडं होतं. तरी रात्रीची भाकरी उरली तर सकाळी ती कुणी खायची, हे बहुतेक घरांत न बोलता ठरलेलं असतं. मुलांना गरम, घरधन्याला गरम, सासूबाईंना मऊ. आणि सगळ्यांची पानं उठली की घरातली बाई ओट्याशी उभ्या उभ्या कालचं संपवते. विचारलं तर म्हणते, ‘टाकवत नाही हो.’

न टाकणं चांगलंच. पण त्यासाठी एकाच माणसानं शिळं खायचं, हे काही बरोबर नाही. म्हणून आज शिळ्याचाच एक पदार्थ सांगते. तो सगळ्यांच्या पानात एकदम वाढायचा असतो.

हा पदार्थ इटलीतल्या तोस्काना प्रांतातला, म्हणजे फ्लॉरेन्स शहराच्या बाजूचा. नाव पांझानेल्ला. शिळा पाव, टोमॅटो, कांदा, काकडी, तुळशीच्या जातीचा सुवासिक पाला, तेल आणि व्हिनेगर, इतकंच साहित्य. चुलीवर काही शिजवायचं नाही. इटालियन भाषेत पावाला ‘पाने’ म्हणतात. आपला ‘पाव’ पोर्तुगीजांकडून आला, पण दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनमधलं एकच. त्यामुळे नाव परकं वाटलं तरी नात्यातलं आहे.

तोस्कानाचा पाव बिनमिठाचा आणि जाड सालीचा. शेतकऱ्यांच्या घरी भट्टी रोज पेटत नसे. एकदा भाजलेला पाव बरेच दिवस पुरवायचा, आणि शेवटी तो दगडासारखा व्हायचा. मग तो पाण्यात भिजवायचा, पिळायचा आणि मळ्यातल्या भाजीत कालवायचा. सोळाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या ब्रॉन्झीनो या चित्रकारानं एका कवितेत कांदा, काकडी आणि घोळीच्या कोशिंबिरीचं पावासकट कौतुक केलं आहे. त्यात टोमॅटो नाही. तो अमेरिकेतून नुकताच युरोपात आला होता, स्वयंपाकघरात रुळायला त्याला आणखी बराच काळ लागला. आणि घोळ म्हणजे तीच, आपल्या शेताच्या बांधावर उगवणारी, कन्नडमधली गोणी सोप्पू!

मी हा पदार्थ पहिल्यांदा खाल्ला तो मात्र ग्वाल्हेरला. माझ्या मावसबहिणीचं सासर तिथल्या लष्कर भागात. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली छावणी टाकली, त्या छावणीचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं. तेव्हापासून कितीतरी मराठी घरं तिथं पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. उंबऱ्याबाहेर हिंदी, आत मराठी. आपल्याकडे माजघरात एक भाषा आणि सोप्यात दुसरी चालते, तसंच. ताटातही दोन्ही. वरण-भात, पोळी आपली, आणि शेजारी तिकडची कचोरी.

ग्वाल्हेरचा मे-जून ज्यानं भोगलाय त्यालाच कळेल. पारा 45 अंशांपर्यंत चढतो, दुपारी लू वाहते. सकाळी उघडी राहिलेली डबलरोटी दुपारी कडकडीत वाळते. गरम जेवणाकडे बघवत नाही. अशा दुपारी अक्कानं मोठ्या परातीत पांझानेल्ला कालवली होती. व्हिनेगरच्या जागी उसाचा सिरका, आणि तेल ग्वाल्हेर-मुरैना भागातलं मोहरीचं. ते कच्चं झणझणीत लागतं म्हणून एकच चमचा, बाकी साधं तेल.

मी म्हटलं, ‘शिळ्या पावाचं पाहुण्यांना वाढतेस?’ ती हसली. तिकडे होळीनंतर बासौडा असतो. शीतलामातेसाठी आदल्या दिवशी रांधून ठेवतात, चूल पेटवत नाहीत आणि घरातले सगळे थंड अन्न खातात. आपल्याकडच्या श्रावणातल्या शितळासप्तमीसारखंच. अक्का म्हणाली, ‘अगं, त्या दिवशी सगळ्यांना शिळं चालतं ना? मग एरवी मी एकटीनंच का खायचं?’

मला तिचं म्हणणं पटलं. शिळं उरलं म्हणून गुपचूप संपवायचं, की त्याचा पदार्थ करून सगळ्यांनी मिळून खायचं, एवढाच प्रश्न आहे. आपल्याकडेही पोळीचा कुस्करा आहे, फोडणीचा पाव आहे, कन्नड घरांत चपातीला ओग्गरणे देतात. पण ते बहुधा आधी घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं. पांझानेल्ला थोडी करताच येत नाही, परातभर होते. त्यामुळे ती आपोआप सगळ्यांची होते.

आता शिळं म्हणजे काय, तेही समजून घेऊ. पाव शिळा होतो तो नुसता वाळून नाही. भाजताना मऊ झालेला पिठातला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होतो. फ्रिजच्या कप्प्यात ही क्रिया उलट जास्त वेगानं होते. म्हणून पाव कापडात गुंडाळून बाहेर ठेवावा, नाहीतर थेट फ्रीझरमध्ये. आपल्या बेळगाव भागातल्या पावसाळ्यात मात्र बाहेरच्या पावाला बुरशी धरते. बुरशी दिसली की तेवढाच तुकडा काढून उरलेला वापरू नये. मऊ पावात ती आतवर पसरलेली असते. शिळा पाव चालतो, बुरसलेला चालत नाही.

साहित्य (चार माणसांसाठी): दोन दिवसांचे 6 पाव, 4 पिकलेले लाल टोमॅटो, 1 काकडी, 1 मोठा कांदा, मूठभर सब्ज्याची पानं, 4 मोठे चमचे तेल, 2 मोठे चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, मीठ, मिरपूड.

कृती: पावाचे हातानं मोठे तुकडे करा. मऊ असतील तर तव्यावर मंद आचेवर कोरडे भाजा किंवा उन्हात वाळवा. कांदा पातळ चिरून थंड पाण्यात थोडं व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा, उग्रपणा जातो. टोमॅटोच्या फोडींना मीठ लावून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. त्यांना सुटलेलं पाणी फेकू नका, सगळी चव त्यातच आहे. आता पावावर पाण्याचा हबका मारा. इटलीतला पाव घट्ट असतो, तो बुडवून पिळला तरी चालतो. आपला बुडवला तर लगदा होईल. मग निथळलेला कांदा, काकडी, टोमॅटो पाण्यासकट, तेल, व्हिनेगर, मिरपूड घालून हलक्या हातानं कालवा. वीस मिनिटं मुरू द्या. वाढताना सब्ज्याची पानं तोडून घाला.

सब्जा म्हणजे ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो ते झाड, कन्नडमध्ये कामकस्तुरी. न मिळाल्यास कोथिंबीर आणि थोडा पुदिना घ्या. ऑलिव्ह तेल महाग वाटलं तर घाण्याचं शेंगदाणा तेल उत्तम. गोव्याहून कुणी आलं तर उंडे मागवा, त्यांची साल कडक असते. आणि आपली खरी गंमत कडक भाकरीत आहे. ज्वारीच्या कडक भाकरीचे तुकडे करा, लिंबू पिळलेल्या पाण्याचा हबका मारा, काकडी, कांदा, घोळ आणि टोमॅटो कालवून लगेच वाढा. मुरत ठेवू नका, कुरकुरीतपणा जाईल. ‘पचडी’ हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत आहे, तेव्हा याला खुशाल पचडीच म्हणा.

एक पथ्य पाळा. कालवलेली पचडी त्याच जेवणात संपवा. उन्हाळ्यात चिरलेला टोमॅटो फार वेळ बाहेर राहू देऊ नका. आणि दुसरं पथ्य त्याहून मोठं. परात मधोमध ठेवा, सगळ्यांना एकदम बसवा आणि तुम्हीही बसा. ओट्याशी उभं राहून नाही.