गोठ्याचा ताळेबंद

शेतीला जोडधंदा हवा, असे भाषण सुरू झाले की पाचव्या मिनिटाला त्यात गाय येते. वक्ता पुढारी असो, कृषी अधिकारी असो की बँकेचा माणूस. ‘दोन गाई पाळा’ हा सल्ला ठरलेला. बँकेच्या नोकरीत दुभत्या जनावरांची कितीतरी कर्जप्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. सल्ला खोटा नाही. त्याचा हिशेब तेवढा अर्धवट मांडला जातो. आज तो पुरा मांडून पाहू.

एक संकरित गाय घ्या. रोज सरासरी १० लिटर दूध, असे ३०० दिवस. म्हणजे वेताला ३,००० लिटर. लिटरला ३० रुपये धरले तर ९०,००० रुपये झाले. आता खर्च. दुधात असताना रोज साडेपाच किलो पशुखाद्य, पुढचे १२० दिवस भाकड असताना दोन किलो. ३० रुपये किलोने दोन वेतांमधल्या चौदा महिन्यांत ५६,७०० रुपये गेले. उरले ३३,३००. दिवसाला ७९ रुपये. यातून हिरवी वैरण, कडबा, डॉक्टर, रेतन, विमा आणि कर्जाचा हप्ता. वैरण विकत घ्यायची झाली तर तिलाच रोजचे ९० रुपये लागतात. म्हणजे घरची वैरण असेल तरच हातात चार पैसे दिसतात, आणि त्या वैरणीखाली अडकलेल्या जमिनीची किंमत कोणी धरत नाही.

मजुरी तर अजून धरलेलीच नाही. पहाटे शेणघाण काढायची, धार काढायची, वैरण-पाणी करायचे, संध्याकाळी पुन्हा तेच. गोठ्याला रविवार नसतो. हे काम बहुतेक घरांत बाई करते. लग्नाला गेली तरी धारेच्या वेळेआधी परत निघते. दुधाचे पैसे जमा होणारे खाते मात्र पुष्कळदा नवऱ्याच्या नावावर असते.

मग लोक हा धंदा करतात कशाला? नफा वेगळा आणि रोकड वेगळी, हा हिशेबाचा पहिला धडा आहे. उसाचे पैसे वर्षा-दीड वर्षाने येतात, सोयाबीन-कापसाचे हंगामातून एकदा. दुधाचा पगार बहुतेक गावांत दर दहा दिवसांनी होतो. किराणा, मुलांची फी, औषधपाणी त्यावर चालते. बांधावरचे गवत आणि घरातले, बाहेर ज्याला गिऱ्हाईक नाही असे श्रम, या दोन्हींचे गाय रोकडीत रूपांतर करते. शेतकऱ्याला तोटा कळत नाही असे नाही. त्याला दहा दिवसांनी येणारा पैसा हवा असतो.

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला, १९८० मध्ये देशभर गेला आणि १९९९ पर्यंत चालला. त्यात दुसरे जनावर काही महिन्यांनी द्यायचे, म्हणजे एक आटले की दुसरे दुधात येईल, अशी आखणी असे. विचार चांगला होता. पण कागदावरची गाय वेळेवर गाभण राहते, गोठ्यातली उलटते. तिची कास सुजते. ती मेली तर कानातला बिल्ला हजर केल्याशिवाय विम्याचा दावा पुढे सरकत नाही. २०२२ मध्ये लंपीची साथ आली तेव्हा ही जोखीम किती खरी आहे हे गावोगाव दिसले.

दराचे तर विचारूच नका. दूध पावडर आणि लोण्याचा बाजार पडला की गावातला दर पडतो. २०२३च्या जुलैत सरकारने ३४ रुपये किमान दर ठरवला; काही महिन्यांतच तो घसरला. २०२४ मध्ये लिटरमागे आधी ५, मग ७ रुपये अनुदान द्यावे लागले. उसाला निदान कायद्याने ठरलेली एफआरपी आहे. दुधाला तसा आधार नाही.

आणखी एक रकाना उरतो. कारखान्यातले जुने यंत्र भंगारात गेले तरी काही किंमत येते. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गोहत्या बंद झाली आणि २०१५ मध्ये बैल-वळूंनाही बंदी लागू झाली. ट्रॅक्टर आल्यावर संकरित गोऱ्ह्याला काम नव्हतेच, आता गिऱ्हाईकही नाही. कायदा बरा की वाईट, हा वाद इथे नको. पण श्रद्धेचा खर्च कोणाच्या नावे टाकायचा, हे विचारलेच पाहिजे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्याने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळेतल्या देशी गाईसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवले. शेतकऱ्याच्या दावणीला बांधलेल्या भाकड संकरित गाईला तो आधार नाही. ती शेतकरी पदरचे घालून पोसतो.

माझे म्हणणे साधे आहे. दुधाचा दर ठरवताना भाकड दिवस, वैरण आणि बाईची मजुरी धरा. तिच्या कष्टाचे पैसे तिच्या खात्यात जमा होऊ द्या. म्हातारे जनावर समाजाला सांभाळायचे असेल, तर त्याचा खर्चही समाजाने वाटून घ्यावा.

शहरात आपण गाईच्या दुधाच्या लिटरला पन्नासहून अधिक रुपये मोजतो. गोठ्यात त्यातले तीस-पस्तीस पोचतात. मधले पैसे सगळेच कोणी लुबाडत नाही. वाहतूक, प्रक्रिया, पिशवी, दुकानदाराचे कमिशन हे खर्च खरे आहेत. पण टँकरच्या ड्रायव्हरपासून दुकानदारापर्यंत प्रत्येक जण आपली मजुरी आधी धरतो आणि मग किंमत सांगतो. फक्त पहाटे उठून धार काढणारीला तिची मजुरी काय, हे आजवर कोणी विचारलेले नाही.