दसऱ्याला रावण कशाला?

गेली काही वर्षे दसरा जवळ आला की गडचिरोली-चंद्रपूरकडच्या सरकारी कचेऱ्यांत आदिवासी संघटनांची निवेदने येऊ लागतात. मागणी एका ओळीची असते: रावणदहन थांबवा, रावण आमचा पूर्वज आहे. त्यावर सुशिक्षितांचे उत्तरही ठरलेले. हजारो वर्षांची परंपरा अशी एका अर्जाने मोडायची काय? आणि रावण गोंड होता याला पुरावा काय? आम्ही वडशाचे, हे दोन्ही प्रश्न नाक्यावर आणि बैठकीत पुष्कळदा ऐकले आहेत. आमचे मत असे की, पहिला प्रश्न खोट्या गृहीतकावर उभा आहे, आणि दुसरा विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंपरेचे आधी पाहू. मराठी घरातला दसरा म्हणजे पाटीवरची सरस्वती, अवजारांची व शस्त्रांची पूजा, शमी, सीमोल्लंघन, आणि आपट्याची पाने सोने म्हणून वाटणे. यात पुतळा कुठे आहे? लाकूड-कागदाचा, पोटात फटाके भरलेला दशमुखी रावण हा उत्तरेकडच्या रामलीलेचा शेवटचा प्रवेश. नागपुरात तो रुजवला फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या मंडळींनी. परक्या मुलुखात आपला सण मांडावासा वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते दोन पिढ्यांमागे पाहुणा म्हणून आलेल्या विधीला सनातन ठरवणाऱ्या आमच्याच मराठी मंडळींशी. पूर्वेला, बस्तरात, दसरा पंचाहत्तर दिवस चालतो. दंतेश्वरीचा रथ ओढायला गावोगावचे आदिवासी येतात. त्या साऱ्या सोहळ्यात रावण नाही, आणि तो नाही म्हणून तिथला दसरा अपुरा आहे असे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. याच विजयादशमीला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि दोनच दिवसांनी चंद्रपुरात दीक्षेचा दुसरा सोहळा झाला. विदर्भातला हा दिवस कुणा एकाच्या विजयाचा कधी नव्हताच. आमच्या गावाला रेल्वेच्या पाटीवर वडसा म्हणतात आणि तहसिलीच्या कागदावर देसाईगंज. दोन नावांनी आमचे काही अडत नाही.

आता पुरावा. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील १९१६च्या ग्रंथात गोंडांनी स्वतःला रावणवंशी म्हणवल्याची आणि मेघनाथाच्या नावाने खांब उभारून होणाऱ्या विधीची नोंद आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या परसवाडीत गोंड मंडळी दसऱ्याला रावणाची पूजा करतात. नागपूरचे गोंडी भाषेचे व संस्कृतीचे अभ्यासक मोतीराम कंगाली यांनी तर आपले नाव बदलून ‘मोतीरावण’ केले. गोंडांखेरीज पाहायचे तर अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात रावणाची दगडी मूर्ती आहे आणि गावकरी तिला नमस्कार करतात.

यावर म्हणतील की गोंडांचे खरे दैवत पर्सा पेन, त्यांचा आद्य पुरुष पहांदी पारी कुपार लिंगो. रावणाचा हा आग्रह अलीकडचा आणि राजकीय. काही अंशी ते खरे आहे. सगळ्या गोंड गावांत रावण पुजला जात नाही, आणि ज्यांना रावणाची वंशावळ इतिहास म्हणून सिद्ध करायची आहे त्यांचे युक्तिवाद आम्हांलाही पटत नाहीत. पण आमच्या मैदानातला पुतळा तरी कुठे पुरातन आहे? दोन्ही आग्रह सारख्याच वयाचे. फरक एवढाच, की एक जण पुजतो आणि दुसरा पहिल्याचे पूज्य जाळतो. आजोबांच्या तसबिरीला हार घालणाऱ्याकडे आपण जन्मदाखला मागत नाही. रामाकडेही कुणी मागू नये, हे आपल्याला किती चटकन कळते!

राहिले ‘तो तर दुर्गुणांचे प्रतीक’ हे पालुपद. प्रतीक निवडायला जग मोकळे असताना नेमके शेजाऱ्याच्या देवघरातलेच का उचलावे? आणि ज्यांच्या नावाने हे चालते त्या वाल्मीकींचे युद्धकांड तरी उघडावे. रावण पडल्यावर राम बिभीषणाला सांगतो की वैर मरणापाशी संपले, याचे संस्कार कर, तो जसा तुझा तसा माझाही. बिभीषण कचरतो, तर राम आग्रह धरतो. रावणाला अग्नी मिळाला तो भावाच्या हातून, विधिपूर्वक, एकदा. दरवर्षी टाळ्या-शिट्ट्यांत तेच प्रेत पुन्हा पेटवणे कोणत्या रामाला मान्य आहे? विमलसूरीच्या ‘पउमचरिया’त, म्हणजे मराठीच्या पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या रामकथेत, रावण हा राक्षसच नव्हे, विद्याधर राजा आहे, आणि तो मरतो लक्ष्मणाच्या हातून. आपल्या भाषेच्या उगमापाशीच ही कथा अनेक तोंडांनी बोलत होती.

जाळण्याला जाळण्याने उत्तर देणाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. २५ डिसेंबर १९७४ रोजी मद्रासला पेरियारांच्या अनुयायांनी ‘रावणलीला’ करून राम, लक्ष्मण आणि सीतेचे पुतळे जाळले. त्याने रावण उजळला नाही. पेटवणारे हात तेवढे वाढले.

वडशाला तर या बाबतीत कुणाकडे शिकायला जायचे कारण नाही. झाडीपट्टी रंगभूमीचे हे मुख्य ठाणे. दिवाळीनंतर मंडई लागली की नाटकमंडळींच्या गाड्या येथून गावोगाव जातात आणि पहाट होईपर्यंत खेळ चालतात. रंगमंचावरच्या खलनायकाला मरण्याआधी बोलायला मिळते. त्याची बाजू, त्याचा संताप, त्याचा मोह हे सारे थंडीत घोंगडी पांघरून बसलेला प्रेक्षक ऐकून घेतो, शिव्याही घालतो, आणि खेळ संपल्यावर त्याच नटाशेजारी चहा पितो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासूनच्या मराठी नाटकात राक्षस आरोळ्या ठोकीत येत. पण येत, आणि आपल्या तोंडाने बोलत. मैदानातल्या पुतळ्याला दहा तोंडे असून एकाही तोंडाला वाक्य नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. नगरपालिकेचा पैसा, लोकप्रतिनिधींचा हात आणि शाळेतल्या पोरांची रांग या विधीला मिळू नये. ज्या मंडळाला दसऱ्याला रामकथा हवी असेल त्याने त्या खर्चात झाडीपट्टीतल्या एखाद्या कंपनीला बोलवावे आणि युद्धकांड लावावे. परसवाडीच्या मंडळींनाही बोलावणे धाडावे. रावणाचे काम कुणी करायचे ते मग त्यांनाच विचारू.