पट्टी पांढरीशुभ्र, पण जखम?

मैत्रिणींनो, घरात कुणाच्या पायाला जखम झाली की आपण जवळच्या दवाखान्यात नाहीतर आरोग्य केंद्रात ड्रेसिंगला जातो. सिस्टर गोड बोलल्या, पट्टी नेटकी बांधली, की म्हणतो, "छान ड्रेसिंग केलं हो!" पण भांडं चकचकीत म्हणून आतली आमटी चांगली, असं आपण कधी म्हणतो का?

अवेडिस डोनाबेडियन या डॉक्टरांनी १९६६ साली रुग्णसेवेचा दर्जा तपासायच्या तीन बाजू सांगितल्या: साधनं, कृती आणि परिणाम. आपल्या भाषेत सामान, कृती आणि ताटातला पदार्थ!

सामान म्हणजे निर्जंतुक गॉज, हातमोजे, साबण-पाणी. कृती म्हणजे सिस्टरनी आधी हात धुतले का, दुखतंय का हे विचारलं का, मधुमेहाची आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी केली का, पायाची नाडी पाहिली का, आणि हे सारं कागदावर लिहिलं का.

आपण चुकतो ते तिसऱ्या बाबतीत. जखम भरतेय की नाही, हे नजरेच्या अंदाजाने कळत नाही. दर आठवड्याला मोजावं लागतं. लांबी ४ सेंटिमीटर, रुंदी ३, म्हणजे १२. पुढे ३ आणि २ झाली, तर ६. जखम निम्मी झाली! मधुमेह्याच्या पायाची जखम चार आठवड्यांत निम्म्याच्या आसपास आली नाही, तर तेच ड्रेसिंग चालू न ठेवता उपचारांचा फेरविचार व्हायला हवा.

माझ्या सासूबाईंची टाचेची जखम एका दवाखान्यात दीड महिना नुसती बांधली जात होती. माप एकदाही नाही. दुसरीकडच्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी मोजली, नाडी पाहिली आणि तडक मोठ्या इस्पितळात पाठवलं. पाय वाचला.

म्हणून काही सिस्टरवर पाळत ठेवायची नाही हं! त्यांच्यामागे रुग्णांची रांग असते. फक्त हसून विचारा, "सिस्टर, आज माप किती भरलं?" आणि दुधाचा हिशेब लिहितो त्याच वहीत तारीख घालून टिपून ठेवा. स्वतः मात्र जखमेला हात लावू नका, हळद-पावडर भरू नका. लाली पसरली, घाण वास आला, कड काळी पडली किंवा ताप चढला, तर पुढच्या ड्रेसिंगची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.