हेल्मेटला लॅपटॉप कशाला हवा?

बाइकवाल्यांच्या ग्रुपवर हल्ली एक मेसेज ठरलेला असतो. 'इंटरकॉम अपडेट होत नाहीये, कुणाला माहितीये का काही?' त्याखालची उत्तरंही ठरलेली. एक म्हणतो केबल बदल, दुसरा म्हणतो विंडोज परत टाक, तिसरा कुठल्या तरी साइटवरच्या ड्रायव्हरची लिंक डकवतो आणि चौथा नुसता हसण्याचा इमोजी टाकून झोपायला जातो. सकाळी ताम्हिणीला निघायचं असतं आणि रात्री एक वाजता कुणीतरी डिव्हाइस मॅनेजरमधल्या पिवळ्या त्रिकोणाकडे बघत बसलेलं असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. हा त्रिकोण म्हणजे आपल्या 'टेक्निकल नॉलेज'ची परीक्षा नाही. तो कंपन्यांनी आपल्या गळ्यात मारलेला घोळ आहे, आणि त्यावरचा उपाय त्यांच्या हातात कित्येक वर्षं आहे.

घोळ नेमका काय? यूएसबीला काहीही जोडलं की ते यंत्र कॉम्प्युटरला दोन नंबर सांगतं. मला बनवणारी कंपनी कोण आणि मी कुठलं मॉडेल. विंडोज त्या नंबरांशी जुळणारा ड्रायव्हर शोधून लावतं. माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह यांचे ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतात, म्हणून ते लावले की चालू. इंटरकॉमची गंमत अशी की बरीच मॉडेल्स अपडेट मोडमध्ये गेली की वेगळाच नंबर सांगतात. त्यामुळे आत्तापर्यंत ओळखीचं वाटणारं यंत्र, ती दोन बटणं दाबून धरली रे धरली की कॉम्प्युटरला परकं होतं. तुम्ही काहीही बिघडवलेलं नसतं. त्याला लागणारा दुसरा ड्रायव्हर मशीनवर नसतो, एवढंच.

मी मास कॉमवाली, इंजिनीअर नाही. पण माझ्या इंटरकॉमच्या कस्टमर केअरने 'मॅडम, दुसऱ्या लॅपटॉपवर करून बघा' एवढ्यावर बोळवण केल्यावर हे सगळं शोधावंच लागलं. तर जे कामाचं आहे ते सांगते. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. स्वस्तातल्या चार्जिंग केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. इंटरकॉम जोडल्यावर दिवा लागतोय, पण कॉम्प्युटरचा 'टिंग' आवाज नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवं काहीच दिसत नाही, तर आधी केबलवर संशय घ्या. हब काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या, कारण अपडेट अर्ध्यात तुटलं तर यंत्र कायमचं गप्प बसू शकतं.

त्रिकोण दिसतोय? मग त्यावर डबल क्लिक करून कोड वाचा. हे कुणीच करत नाही, आणि खरी माहिती तिथेच असते. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाहीच, तो कंपनीच्या साइटवरूनच घ्या. कोड ४३ म्हणजे यंत्रानेच अडचण कळवली आहे किंवा ओळख पटण्याआधीच संवाद तुटलाय, तिथे पुन्हा केबल, पोर्ट आणि इंटरकॉम बंद करून चालू करणं. आणि कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची डिजिटल सही विंडोजला पटत नाहीये.

या ५२ वरच ग्रुपमधले सगळ्यात डेंजर सल्ले येतात. 'सिग्नेचर चेक बंद कर, लगेच चालतं.' हो, चालतं. पण ६४ बिट विंडोजमध्ये ही तपासणी उगाच नाही ठेवलेली. ड्रायव्हर सिस्टीमच्या अगदी गाभ्यात जाऊन बसू शकतो. ज्या लॅपटॉपवर तुमचं नेट बँकिंग आणि सेमिस्टरभराचं प्रोजेक्ट आहे, त्याच्या गाभ्यात हेल्मेटवर गाणी ऐकण्यासाठी कुठलीही अनोळखी फाइल सोडायची? 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणवणारी फुकट सॉफ्टवेअर्स तर त्याहून वाईट. कंपनीने सही केलेला नवा ड्रायव्हर दिला नसेल, तर दोष कंपनीचा. त्यासाठी आपण आपल्या घराची कडी का काढायची?

आणि हे टाळता येतं, हाच माझा खरा मुद्दा. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून अशी सोय आहे की यंत्राच्या आतच थोडी माहिती लिहून ठेवली, तर विंडोज स्वतःकडचा तयार ड्रायव्हर आपोआप लावतं. वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे इंटरकॉम पेनड्राइव्हसारखा दिसावा, त्यात फाइल टाकावी, झालं. तिसरा, सरळ फोनवरून. सेना आणि कार्डो या मोठ्या कंपन्यांची काही नवी मॉडेल्स फोनच्या अ‍ॅपमधून अपडेट होतातच की.

पण ती मॉडेल्स कोणाला परवडतात? पॉकेटमनी साठवून घेणारे आपण एक तर स्वस्तातला इंटरकॉम घेतो, नाही तर कुणाचा तरी दोन वर्षं वापरलेला. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्याच्याच वाट्याला ड्रायव्हरची कटकट जास्त. त्यात प्रत्येकाकडे विंडोजचा लॅपटॉप असणारच, हे गृहीत धरलेलं. हॉस्टेलवरच्या कितीतरी मुलामुलींकडे फक्त फोन असतो. कॉलेजच्या लॅबमध्ये जावं, तर ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो, आणि लॅबचे सर तो हेल्मेटसाठी देतील? विसरा.

यावर कुणी म्हणेल, चालतंय ना, मग अपडेट करताच कशाला? कारण फोन अपडेट होत राहतो. काल नीट जोडला जाणारा इंटरकॉम आज मधूनच तुटायला लागतो. घाटात पुढच्याने दिलेला 'वळणावर खडी आहे' हा इशारा मागच्याला ऐकूच आला नाही, तर ते यंत्र डोक्यावर वाहायचं कशासाठी?

कंपन्यांची बाजूही आहे. ब्लूटूथवरून अपडेट करायला वेळ लागतो, मध्येच तुटण्याची भीती असते, त्यापेक्षा केबल भरवशाची. मान्य. केबल ठेवा, वेगळ्या ड्रायव्हरची अट काढा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात इलेक्ट्रॉनिक्सही येतं आणि वाहनंही. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा झाली की आपण स्क्रीन, बॅटरी, सुटे भाग याबद्दल बोलतो. मला वाटतं, विंडोजच्या नव्या व्हर्जनवर चालणारा ड्रायव्हर हाही सुटा भागच आहे, आणि यंत्र विकलं जातंय तोवर आणि नंतरही काही वर्षं तो मिळायलाच हवा.

तोपर्यंत दुकानात गेलात की रेंज आणि बॅस विचारण्याआधी विचारा, अपडेट फोनवरून होतं का? दुकानदाराने खांदे उडवले, तर तिथेच कंपनीचं डाउनलोड पेज उघडून शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघा. सेकंडहँड घेत असाल, तर विकणाऱ्याला म्हणा, 'दादा, आधी समोर अपडेट करून दाखव, मग पैसे.'