जिंकण्याआधीची पट्टी

अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलचे केवढे वेड आहे, याची आपल्याला इथे बसून नीटशी कल्पना येत नाही. हंगामाच्या तोंडावर तिथली महाविद्यालये संघासाठी निधी जमवायला एक जेवण ठेवतात. मोठ्या सभागृहात टेबले मांडलेली असतात आणि गावातले व्यापारी, वकील, डॉक्टर, माजी विद्यार्थी अख्खे टेबलच्या टेबल विकत घेतात. जेवणाचा खर्च थोडा, ताटाची किंमत भरमसाट. मधला फरक संघाच्या खात्यात जमा. मग प्रशिक्षक उठतो आणि यंदा संघात आलेल्या पोरांची नावे घेतो. ज्याने अजून त्या महाविद्यालयासाठी एकही सामना खेळलेला नाही, अशा अठरा वर्षांच्या मुलाच्या नावावर साठी उलटलेली माणसे उभी राहून टाळ्या वाजवतात, ओरडतात, आणि त्या भरात आणखी एक चेक फाडतात.

मला यातले ओरडणे नवे वाटत नाही. नवे वाटते ते एवढेच, की हे ओरडणे सामन्याच्या आधीचे आहे आणि त्याच्या मागोमाग चेक आहे. मी बँकेत आयुष्य काढले आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. कादंबरीकाराला माणसांच्या उत्साहाचे कुतूहल असते. बँकवाल्याला तो उत्साह कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात जमा झाला याचे. दोन्ही सवयी आता सुटण्याचे वय राहिले नाही.

आमच्या निलंग्यात असे जेवण ठेवले, तर ताटात अर्थातच निलंगा राईस येईल आणि माणसे पंगतीला कमी पडणार नाहीत. आमच्याकडे पाण्याचा दुष्काळ पडतो. 2016 साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. उत्साहाचा दुष्काळ मात्र मी या मुलखात पाहिलेला नाही. कोणत्याही गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड आठवा. हलगी कडाडू लागली की म्हातारी माणसे काठी टेकत आखाड्याकडे निघतात. पहिल्या कुस्त्या लहान पोरांच्या, रेवड्यांवर. मग इनामाचा आकडा चढत जातो आणि दिवस मावळता मावळता मानाची कुस्ती लागते. या सगळ्याचा पैसा येतो कुठून? घरटी पट्टीतून. ज्याची चार एकर आहे तो त्याच्या ऐपतीने देतो, ज्याला शेतच नाही तोही दहा-वीस रुपये देतो, कारण पट्टी दिली नाही तर फडाच्या कडेला ताठ मानेने बसता येत नाही. म्हणजे खेळासाठी आधी पैसे जमवणे ही काही अमेरिकेची मक्तेदारी नव्हे.

पण या पट्टीत एक मेख आहे. ती इनामाची असते आणि इनाम जिंकणाऱ्याला मिळते. जिंकण्यायोग्य होण्यासाठी जी दहा वर्षे जातात, त्यांची पट्टी कुणी गोळा करत नाही. तो खर्च एकट्या बापाचा.

या बाबतीत महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण आपल्याला ठाऊक आहे, पण ते आपण अर्धेच सांगतो. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल परतला तेव्हा कराडच्या स्टेशनापासून गावापर्यंत त्यांची बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. 151 गाड्या होत्या असे सांगतात, आणि एरवी काही मिनिटांत कापला जाणारा रस्ता त्या दिवशी काही तासांचा झाला. हे चित्र आपल्या डोळ्यांत भरते, त्यामुळे आपण ते पुन्हापुन्हा सांगतो.

उरलेले अर्धे असे आहे. त्याआधी चार वर्षे, 1948 साली, खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले होते. तेव्हा खर्चाचा मोठा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. लंडनला ते सहावे आले. 1949 साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि 1952 उजाडले तेव्हा राजाश्रय संपलेला होता. नव्या सरकारकडून गरजेपुरता पैसा हाती येत नव्हता. मग गावकऱ्यांनी वर्गणी काढली, दुकानदारांनी दिले, ज्याला जे जमेल ते त्याने दिले. तरी तोंडमिळवणी होईना. तेव्हा खाशाबा ज्या राजाराम कॉलेजात शिकले, तिथले प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले.

मी हा आकडा वाचतो तेव्हा माझ्यातला बँक अधिकारी जागा होतो. 1952 चे सात हजार म्हणजे काय, हे त्या काळचा पगार पाहिलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. आणि तारण काय? स्वतःचे घर. कशासाठी? मागच्या ऑलिंपिकला सहाव्या आलेल्या मुलाने या वेळी वर यावे, या आशेसाठी. कर्जाच्या अर्जावर हा हेतू लिहिला असता तर माझ्यासकट कोणत्याही शाखाधिकाऱ्याने तो अर्ज परत पाठवला असता. परतफेडीचा काही मार्गच त्यात दिसत नाही. पण परतफेड झाली. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः त्यांत लढले आणि त्या उत्पन्नातून गुरूचे कर्ज फेडले. मिरवणुकीच्या गाड्या परत गेल्या, तेव्हा हा माणूस पुन्हा मातीत उतरला होता, कारण घर सोडवायचे होते. पुढे ते पोलीस खात्यात लागले, 1984 साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आता 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आपण राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. चांगलेच आहे. पण त्या दिवशी भाषणे करणाऱ्यांनी गाड्यांचा आकडा सांगताना गहाणखताचाही आकडा सांगावा, असे मला वाटते.

लांब कशाला जा? आमच्याच निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगड गावचे हरिश्चंद्र बिराजदार. 1969 साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा लातूरला भरली होती. लातूर तेव्हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता, उस्मानाबादेतच मोडत होता. त्या स्पर्धेत बिराजदारांनी किताब मिळवला आणि पुढच्याच वर्षी एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेतले. दिल्लीच्या सतपालशी 1977 साली बेळगावात झालेली त्यांची कुस्ती अजून जुनी माणसे डाव-प्रतिडावासह सांगतात. पण हा मुलगा घडला कुठे? कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत. निलंग्याच्या मातीतल्या पोराला मातीसाठी कोल्हापूर का गाठावे लागले? तिथे शाहू महाराजांनी तालमींना आधार दिला होता, 1912 साली खासबागेचे मैदान उभे केले होते, आणि महाराज गेल्यावरही ती घडी मोडली नाही. आमचा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलात होता. आमच्याकडे मल्ल होते, हलगी होती, इनाम देणारी गावे होती. मल्लाला दहा वर्षे पोसणारी संस्था नव्हती. आजही आमच्याकडची होतकरू पोरे वळकटी बांधून कोल्हापूरला नाही तर पुण्याला जातात.

बँकेत असताना एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतल्या कर्जांची तपासणी माझ्याकडे असे. या योजनेत म्हशीला कर्ज मिळायचे. एकदा एका गावी गेलो. म्हैस दावणीला होती, कानातला बिल्ला शाबूत होता, पण दूध डेअरीला जात नव्हते. मी विचारले, "मामा, दुधाचं काय करता?" गृहस्थ जरा घुटमळले आणि म्हणाले, "साहेब, खरं सांगू का? लेकरू पितंय. तालमीत जातंय." तेवढ्यात ते लेकरू आलेच. सोळा-सतरा वर्षांचे, मान अंगठ्यासारखी जाड. हप्ते मामा रोजगार करून फेडत होते. मी अहवालात "जनावर हजर, हप्ते नियमित" एवढेच लिहिले आणि ते खरेच होते. आमच्या छापील अर्जावर विहीर होती, म्हैस होती, इंजिन होते, पिठाची गिरणी होती. खुराक नव्हता. ते पोर पुढे फार मोठा मल्ल झाले नाही. बहुतेक पोरे होत नाहीत. तरीही त्या म्हशीचे दूध वाया गेले असे मला कधी वाटले नाही.

आता कुणी म्हणेल, मग काय, आपणही अमेरिकेसारखी जेवणे घालायची? तर तिथला सगळा हिशेब काही ओवाळून टाकण्यासारखा नाही. कितीतरी वर्षे या जेवणांचा पैसा मैदानांवर आणि प्रशिक्षकांच्या गडगंज पगारांवर गेला, आणि ज्याच्या नावाने टाळ्या पडत त्या पोराला शिष्यवृत्तीपलीकडे कमाईचा वाटा मिळत नव्हता. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवता येऊ लागले. 2025 साली न्यायालयाने तडजोड मान्य केल्यावर महाविद्यालयांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. म्हणजे उत्साहातून जमलेला पैसा ज्याच्यासाठी जमला त्याच्यापर्यंत पोचायला तिथेही न्यायालयाची पायरी चढावी लागली. आणि आता दुसरेच दुखणे सुरू झाले आहे. देणगीदाराला वाटते पोर आपले आहे, त्याने आपण म्हणू तसे खेळावे. पैसे देणाऱ्याचा हात खांद्यावर असावा; तो मानगुटीवर गेला की खेळ बिघडतो.

उत्साहाला नावे ठेवणारी शहाणी माणसे मला आवडत नाहीत. आरोळ्या मारणाऱ्या गर्दीशिवाय कोणताही खेळ जगत नाही आणि पैसाही जमत नाही. खाशाबांना वर्गणी देणारे काही थंड डोक्याने हिशेब करून देत नव्हते. माझे म्हणणे फक्त तारखेचे आहे. आपण उगवत्या सूर्याला नमस्कार करतो, पण तो पुरता वर आल्यावर. पोर जिंकून आले की कमानी उभ्या राहतात, फेटे येतात, शाली येतात, फलकावर पोरापेक्षा मोठे चेहरे झळकतात. एका दिवसाच्या सत्कारात जो पैसा उडतो, त्यात तालमीतल्या चार पोरांचा वर्षाचा दूध-बदामाचा खर्च निघावा. 2024 साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक घेतले. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते खाशाबांनंतर 72 वर्षांनी! या 72 वर्षांत आपण सत्कार किती केले असतील, मोजदाद नाही.

तेव्हा माझी सूचना अगदी बँकवाल्याची आहे. तालुक्याच्या प्रत्येक महाविद्यालयाने एक खेळ निवडावा. कुस्ती, कबड्डी, खो-खो, जो तिथल्या पोरांना येतो तो. गावातल्या दोनशे घरांनी महिन्याला पन्नास रुपये द्यावेत. महिन्याचे दहा हजार, वर्षाचे एक लाख वीस हजार. एवढ्यात मैदान होत नाही, पण पाच-सहा पोरांच्या खुराकाला हातभार लागतो आणि एका गुडघ्याच्या दुखापतीचा इलाज होतो. खात्यावर दोघांच्या सह्या असाव्यात, त्यांतली एक शिक्षकाची. जमा-खर्च दर महिन्याला फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहावा, म्हणजे येता-जाता कोणीही वाचेल. देणगीदाराला व्यासपीठ नाही, हार नाही. वर्षातून एकदा एक जेवण जरूर ठेवावे. हंगामाच्या आधी, जमिनीवर पंगत मांडून, आणि वाढायला तीच पोरे. त्यांची नावे पुकारावीत आणि आपण मनसोक्त ओरडून घ्यावे. मुले वर्षभर हरली तरी पुढच्या वर्षीची पट्टी चुकवू नये, एवढी एकच अट.

कारण यात पैसे बुडणारच आहेत. दहा पोरांतली नऊ पोरे पुढे शेतात, दुकानात, पोलीस भरतीत जातील. बँकेच्या भाषेत ही बुडीत कर्जे. पण ज्या पोराला वाढत्या वयात गावाने दूध पाजले, ते पोर त्या गावाचे बुडवत नाही, एवढे मी तपासणीच्या अनुभवावरून सांगू शकतो. आणि दहावे पोर जेव्हा कधी पदक घेऊन स्टेशनावर उतरेल, तेव्हा त्याच्या मिरवणुकीत हक्काने नाचावे. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचे घर सोडवण्यासाठी त्याला पुन्हा लंगोट कसावा लागू नये.