पावसात सायकल खालीच ठेवा

पहिला दणदणीत पाऊस पडून गेला की रात्री अकराला तुमच्या ग्रुपवर कोणता मेसेज येतो, मला माहितीये. ‘उद्या वेताळ टेकडी? सहा वाजता. सायकली घेऊन.’ त्यावर वीस अंगठे, एक ‘कोणाकडे जास्तीचं हेल्मेट आहे का’, आणि सकाळी प्रत्यक्षात हजर चौघं. त्या चौघांत मी असायचेच. त्यामुळे आता जे सांगणार आहे ते वाचून तुम्ही म्हणाल, ‘हे तू सांगतेयस?’ हो, मीच. पावसाळ्यात माउंटन बाइक टेकडीवर नेऊ नका. चालत जा, पळत जा, भिजा, खाली उतरून कणीस खा. पण चाक वर नको.

पुण्यात नवीन असाल तर थोडक्यात सांगते. लॉ कॉलेज, कोथरूड, पाषाण आणि गोखलेनगर यांच्या मधोमध जो मोठा उंचवटा दिसतो, ती वेताळ टेकडी. माथ्यावर वेताळाचं देऊळ, उंची समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. एका अंगाला बंद पडलेली दगडाची खाण आहे, कड्यासारखी उभी कापलेली, तळाशी पाणी साचलेलं. बाकी सगळा खडक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, त्यावर झिजून भुसभुशीत झालेला मुरूम आणि त्याच्यावर कशीबशी वीतभर माती. काही ठिकाणी तीही नाही, थेट कातळ.

सायकलवाल्यांना हीच तर मजा वाटते. डांबरी रस्त्यावर पाय चालतात, इथे डोकं चालवावं लागतं. पुढे कातळाची पायरी आली की वजन मागे न्यायचं, पुढचा ब्रेक नुसता बोटाने चाचपायचा, नजर चाकासमोर न ठेवता दहा फूट पुढे ठेवायची. सुट्या मुरमावर चाक गोट्यांवरून घसरावं तसं घसरतं आणि ते सावरता आलं की जो आनंद होतो ना, तो कुठल्याही जिममध्ये मिळत नाही. एका सीनियरकडून घेतलेल्या सेकंडहँड हार्डटेलवर मी हे सगळं इथेच शिकले. गुडघ्यावर दोन खुणा आहेत, दोन्ही खाणीजवळच्या. म्हणजे सायकलवर माझा राग आहे असं समजू नका.

आता माझा गुन्हा ऐका. सेकंड इयरला असताना आम्ही चौघांनी पाषाणच्या बाजूच्या उतारावर स्वतःची एक ‘लाइन’ काढली. मूळ पायवाट वळणं घेत घेत उतरते, आम्हाला सरळ हवी होती. जुलै महिना, माती मऊ, चाक छान रुततं, पडलं तरी लागत नाही. चार-पाच रविवारांत गवतातून एक तपकिरी पट्टा खाली गेला. मी तो स्ट्राव्हावर सेगमेंट म्हणून टाकला, त्याला ‘रॉकेट’ असं भारी नावही दिलं. ऑगस्टमध्ये बघते तर माझा पहिला नंबर गेला होता! आम्ही न बघितलेली, नावही न ऐकलेली माणसं आमची वाट उतरत होती. मला राग आला तो नंबर गेल्याचा, बाकी कशाचाही नाही.

त्याच वाटेवर एका सकाळी एक आजोबा मध्ये आले. खरं तर मी त्यांच्या मध्ये आले. दोन्ही हातांत पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन ते वर चढत होते. टेकडीवर जाणाऱ्यांनी अशी माणसं पाहिली असतील, उन्हाळ्यात लावलेली रोपं जगवायला रोज पाणी वाहणारी. पण ते दिवस पावसाचे होते, म्हणून मला कळेना की पाणी कशाला. (पाऊस आठ दिवस दडी मारून बसला होता, हे घरी कुंडीत मनीप्लांटसुद्धा न जगवणाऱ्या मला कसं कळणार?) मी ब्रेक दाबला, मागचं चाक लॉक झालं, सायकल आडवी, मी त्यांच्या पायाशी. एक कॅन सांडला. मी म्हटलं, ‘सॉरी आजोबा, लागलं का?’ ते म्हणाले, ‘मला नाही लागलं. इथे बघ कुणाला लागलंय.’ आणि माझ्या चाकाने ओढलेला लांबलचक ओरखडा दाखवला. मला तेव्हा ते फार नाटकी वाटलं. घरी येऊन मी त्यांची नक्कलसुद्धा केली.

पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा तिथे गेले आणि ‘रॉकेट’ ओळखूच आलं नाही. आमचा पट्टा आता पट्टा नव्हता, ओहोळ होता. माझा पाय घोट्याच्या वरपर्यंत आत जात होता. माती खाली वाहून गेलेली, मुरूम उघडा, आणि कडेच्या एका मेडशिंगीची मुळं हवेत लोंबत होती. लोक ओहोळातून चालता येत नाही म्हणून त्याच्या शेजारून चालत होते, म्हणजे तिथलंही गवत गेलं. एक चाकभर रुंद होती ती वाट ऑटोरिक्षा जाईल एवढी झाली होती. सेगमेंट मी त्या दिवशी डिलीट केला. ओहोळ डिलीट होत नाही.

हे असं का होतं, ते समजायला इंजिनिअरिंग लागत नाही. पाऊल पडतं तेव्हा ठसा तुटक असतो. चाक मात्र सलग खाच पाडतं, आणि पाण्याला उतारावर नेमकी तीच हवी असते. ओल्या मातीत ब्रेक दाबून घसरलात तर खाच आणखी खोल. पहिल्या पावसात तिथून धार जाते, चौथ्या पावसात ती धार माती उचलते. शेतात बांध का घालतात, हे गावाकडच्या कुठल्याही आज्जीला विचारा. आपण बरोब्बर त्याच्या उलटं करतो.

शिवाय वेळ बघा. टेकडीवरचं गवत जून-जुलैमध्ये उगवतं, आणि वीतभर माती धरून ठेवायचं काम त्याच्याच मुळांचं असतं. कोंबावरून चाक गेलं की ती जागा वर्षभर बोडकी. ऑक्टोबरनंतर तुमच्या मोज्यांत घुसून छळणारी कुसळं असतात ना, ती याच गवताची. छळतात, पण माती त्यांनीच धरलेली असते. लांडोर, तितर, टिटवी ही सगळी जमिनीवर अंडी घालणारी मंडळी, आणि लांडोरीचा विणीचा हंगाम म्हणजे पावसाळाच. मोराची केका ऐकून आपण रील काढतो आणि त्याच मिनिटाला झुडपातून शॉर्टकट मारतो.

आता चालणाऱ्यांनी लगेच टाळ्या वाजवू नका. वळणाची वाट सोडून सरळ चढणाऱ्या अर्ध्या पायवाटा तुमच्या आहेत. चिखल टाळायला कडेकडेने चालून वाट रुंद करणारेही तुम्हीच. बूट मळले तर धुता येतात, चिखलातून मधोमध चाला. टेकडीवरची रोजची भांडणं मला पाठ आहेत. काका ओरडतात, ‘सायकली बंद करा.’ आपली मुलं ओरडतात, ‘टेकडी सगळ्यांची आहे.’ दोघांचंही लक्ष एकमेकांकडे असतं, पायाखाली कोणाचंच नाही. मला तरी सायकलबंदी नकोय. पण ती येणारच नाही अशा भ्रमात राहू नका.

माउंटन बायकिंग जिथे जन्मलं तिथली गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत सत्तरच्या दशकात काही पोरं जुन्या जाडजूड सायकली डोंगरावर नेऊन भरधाव खाली आणायची. १९७६ मध्ये त्यांनी ‘रीपॅक’ नावाची शर्यत सुरू केली. उतरताना मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस इतकं तापायचं की जळून जायचं आणि दर वेळी नवीन भरावं लागायचं, म्हणून ते नाव. आज आपण चालवतो त्या सायकलींची खापरपणजी तिथली. आणि त्याच मरिनमध्ये पुढे बहुतांश अरुंद पायवाटांवर सायकलींना मनाई झाली. चालणारे, घोडेवाले आणि सायकलवाले यांचं तिथलं भांडण दशकानुदशकं चाललंय. वाटा बंद होऊ लागल्या तेव्हा, १९८८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी मिळून इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन काढली. तिच्या नियमांत जी गोष्ट पहिल्यापासून आहे ती हीच की खुणा मागे ठेवू नका, आणि ओली, मऊ वाट असेल तर दुसरीकडे जा. म्हणजे हे काही पुण्याच्या आजोबांचं खूळ नाही.

आणखी एक गोष्ट बोलायची तर मला स्वतःचीच लाज वाटते. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडीतून जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले होते. तुमच्यापैकी कित्येक जण होते, मीही होते, हाताने रंगवलेला बोर्ड घेऊन. महापालिकेच्या रस्त्याला आपण ‘नको’ म्हणालो ते बरोबरच होतं, मी आजही म्हणेन. पण त्यानंतरच्या जुलैत आमची ‘रॉकेट’ निघाली. परवानगी न घेता, नकाशा न काढता, आम्हीही टेकडीतून एक रस्ता काढलाच की. एक रस्ता मोठा, एक चिमुकला, हा फरक मान्य. पण चिमुकले किती झालेत ते एकदा खाणीच्या कडेला उभं राहून मोजा. मी मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

मग सायकल कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. माती बसलेली असते, धुकं असतं, सकाळी बोटं गारठतात, मोठ्या वाटा मस्त पळतात. वनखात्याची पाटी जिथे ‘नाही’ म्हणते तिथे नाही. चढून येणाऱ्याला आधी वाट द्या, कारण त्याला दम लागलेला असतो, तुम्हाला नाही. घंटी लावा, वीसेक फुटांवरूनच ‘काका, डावीकडून येतोय’ म्हणा, आणि आज्जी घाबरून मध्येच थांबल्या तर उतरून सायकल हातात धरून चाला, त्यात काही इज्जत जात नाही. वळणावर घसरून वळायची हौस असेल तर ती मैदानात भागवा. मुलींनो, अंधारात एकट्या जाऊ नका, हे मी आईसारखं नाही, अनुभवाने सांगतेय. मार्चनंतर गवत वाळून काडी झालेलं असतं, तेव्हा सिगरेटवाला मित्र खाली ठेवून या.

आणि पावसाळ्यात पाय शिवशिवलेच तर एआरएआयकडे चढणारा डांबरी रस्ता आहे, सिंहगडाचा घाट आहे. दोन्ही मांड्यांचा कस काढतात. ऑक्टोबरमध्ये उघडीप पडल्यावर टेकडीवर जावंसं वाटलं तर एक सोपी परीक्षा सांगते. पहिल्या पन्नास पावलांत टायरला माती चिकटून आली तर वाट तयार नाही. परत फिरा. ग्रुपमधला कोणीतरी म्हणेलच, ‘एवढं काय होतंय एका दिवसाने?’ आम्हीही हेच म्हणायचो, दर रविवारी.

गेल्या वर्षी मी त्या आजोबांना शोधलं. सापडायला वेळ लागला नाही, कॅनवरून ओळखले. ‘रॉकेट’च्या ओहोळात ते आडवे दगड रचत होते, पाण्याचा वेग तुटावा म्हणून. मागे गाळ अडकतो आणि नशीब असेल तर त्यात गवत धरतं. मी काही न बोलता दगड उचलायला लागले. अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं, ‘तू ती सायकलवाली ना?’ मी म्हटलं, ‘हो.’ ते म्हणाले, ‘मोठा दगड खाली ठेव, छोटे वर. उलटं रचतेयस.’

आता रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण असतो. वरच्या तीन बांधांमागे या वेळी गवत आलंय. खालचा एक पहिल्याच पावसात वाहून गेला, तो पुन्हा रचायचाय. या शनिवारी रात्री ग्रुपवर मेसेज आला तर हो म्हणा, फक्त सायकल घरी आणि हातमोजे बरोबर. दगड खरबरीत आहेत.